पाया बदलण्याआधी पायाखालची जमीन तपासा

प्रश्न : आमचं घर सहकारनगरला, अरण्येश्वरच्या अंगाला आहे. पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं बिऱ्हाड गेलं, त्यानंतर सासऱ्यांनी हे बांधलं. काळ्या दगडाचा पाया, विटांच्या भिंती, वर स्लॅब, एकच मजला. दोन वर्षांपासून ओढ्याकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीच्या कोनातून वर तिरक्या भेगा गेल्या आहेत. दोनदा गिलावा करून घेतला, पुन्हा उमटल्या. उन्हाळ्यात त्या रुंदावतात. त्या खोलीचं दार पावसाळ्यात नीट लागतं आणि उन्हाळ्यात अडकतं. त्याच बाजूला जमिनीखालची पाण्याची टाकी आणि एक जुना उंबर आहे. २०१९ च्या सप्टेंबरात आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा अंगणात पाणी शिरलं होतं. ठेकेदार म्हणतो, "दगडी पाया कुजलाय, सगळा काढून काँक्रीटचा टाकू, २१ दिवसांत काम संपेल, घरातच राहा." मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तिथे त्याचं घर जॅकवर उचलून खाली नवा पाया घातला, म्हणून तोही "करून टाका" म्हणतो. पाया नवा होणारच असेल तर वर एक मजला चढवावा, असं यजमानांच्या मनात आहे. मला भीती वाटते. काय करावं? (एक वाचक भगिनी, सहकारनगर)

उत्तर :

ताई, नमस्कार.

ठेकेदाराला अजून इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर काम थांबवून ठेवा. पाया कुजल्याची एकही खूण मला तुमच्या पत्रात सापडली नाही. पायाखालची जमीन हलत असल्याच्या खुणा मात्र ठळक आहेत आणि त्या तुम्ही फार नेमक्या टिपल्या आहेत.

सगळ्यात बोलकी खूण आहे तुमचं दार. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, म्हणून ते पावसात अडकायला हवं आणि उन्हाळ्यात मोकळं व्हायला हवं. तुमच्याकडे नेमकं उलट होतंय. याचा अर्थ चौकटच उन्हाळ्यात तिरकी होते आणि पावसाळ्यात पुन्हा सरळ होते. भेगाही उन्हाळ्यातच रुंदावतात. कोपऱ्याखालची माती उन्हाळ्यात आक्रसून खाली बसते आणि पाऊस पडला की फुगून कोपरा वर ढकलते. कुजलेला पाया असा ऋतूप्रमाणे खालीवर होत नाही.

पुण्याच्या खाली बेसॉल्टचा कातळ आहे, त्यावर मुरूम आणि मुरमावर काळी माती. या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं, वाळलं की मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पर्वती आणि तळजाईच्या टेकड्यांकडे मुरूम वरच लागतो. ओढ्याकडे सरकावं तशी काळी माती, गाळ आणि माणसांनी टाकलेला भराव यांचा थर वाढत जातो. एकाच घराचे तीन कोपरे मुरमावर आणि चौथा भरावावर, असं या भागात सहज घडू शकतं. पूर्ण घर सारखंच खचलं तर भिंतींना फारसं कळत नाही. एकच कोपरा खचला की भिंत फाटते, आणि ती फाटते सगळ्यात अशक्त जागी, म्हणजे खिडकीच्या कोनात.

तुमची भेग वर रुंद आणि खाली बारीक आहे का, हे बघून घ्या. तशी असेल तर कोपरा बाहेरच्या बाजूला खाली जातोय. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर भिंतीचा मधला भाग बसतोय. आणि स्लॅबच्या लगेच खाली आडवी, सरळ भेग असेल तर तिचा पायाशी संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. उन्हात तापून स्लॅब प्रसरण पावतो, भिंत तेवढी पावत नाही, म्हणून ती पडते. अशा भेगेसाठी पाया उकरायला निघालेली माणसं मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

आता दगडाबद्दल. "दगडी पाया कुजलाय" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. बेसॉल्ट कुजत नाही. त्याची दाब सोसायची ताकद घरबांधणीच्या नेहमीच्या काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त असते. शनिवारवाडा बांधून १७३२ मध्ये पुरा झाला, १८२८ च्या आगीत आतली लाकडी बांधणी जळून गेली, पण दगडी जोती आजही जागेवर आहेत. जुन्या पायात बिघडू शकतो तो दगडांमधला चुना. सतत पाणी झिरपत राहिलं तर तो धुऊन जातो, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, मोकळ्या होतात आणि दगड हलू लागतात. यावर उपाय आहे आणि तो पाया काढण्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. मोकळ्या दर्जा साफ करून भरायच्या आणि आतल्या पोकळ्यांत पातळ मसाला कमी दाबाने सोडायचा.

म्हणून पहिला शोध पाण्याचा. तुमची जमिनीखालची टाकी माझ्या मते पहिली संशयित आहे. रात्री सगळ्यांची अंघोळ-भांडी आटपली की टाकीत येणारा आणि टाकीतून जाणारा, दोन्ही कॉक बंद करा. पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि सकाळी नळाला पाणी यायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर ते पाणी कुठे जातंय ते उघड आहे. ड्रेनेजच्या चेंबरचीही अशीच परीक्षा घ्या. बाहेर जाणारं तोंड बोळ्याने बंद करून चेंबर काठोकाठ भरा आणि तासाभराने पातळी पाहा. गच्चीचे पन्हाळी पाइप खाली कुठे सुटतात तेही तपासा. पाइप जोत्याच्या पायथ्याशीच तुटका असेल तर प्रत्येक पावसात त्या कोपऱ्याला पाणी दिलं जातंय.

उंबराचं प्रकरण नाजूक आहे. त्याची मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे माती जास्त आक्रसते. पण म्हणून झाड एकदम तोडू नका. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती झाड गेल्यावर पाणी पिऊन फुगते आणि कोपरा उलट वर उचलला जातो. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. परवानगी घेऊन फांद्या हलक्या करणं, आणि इंजिनिअर म्हणाला तर झाड आणि घर यांच्यामध्ये मुळं अडवणारी काँक्रीटची उभी भिंत जमिनीत घालणं, एवढं पुरेसं ठरू शकतं.

पाणी थांबवायची कामं पाऊस येण्याआधी उरका. पुण्यात मॉन्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो. टाकी आतून दुरुस्त करून घ्या, फुटके पाइप बदला, पन्हाळीचं पाणी जोत्यापासून दूर न्या. घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करा, तिला बाहेरच्या बाजूला उतार द्या. फरसबंदी आणि जोतं यांच्यामधली फट सिमेंटने बुजवू नका. ती लवचीक सीलंटने भरा, कारण दोन्ही वेगवेगळे हलतात. पायाखालच्या मातीचा ओलावा वर्षभर शक्य तितका सारखा ठेवायचा, हा या सगळ्यामागचा हेतू. काळी माती फक्त ओली असली किंवा फक्त कोरडी असली तर फारसा त्रास देत नाही. ओली-कोरडी, ओली-कोरडी होत राहिली की घर मोडते.

पाऊस सुरू झाला की पायाजवळ चर खणायचं नाव काढू नका. जून ते ऑक्टोबर या काळात भेगांवर नजर ठेवा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने टिंबं काढा, त्यांच्यामधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, शेजारी तारीख लिहा आणि पट्टी ठेवून फोटो काढा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. भिंत हलली की काच तडकते. ही जुनी, स्वस्त आणि भरवशाची पद्धत आहे. महिन्यातून एकदा नोंद करा, दिवाळीपर्यंत. पाणी थांबवल्यावर भेगा मिटून पुढच्या उन्हाळ्यातही तशाच राहिल्या तर तुमचं काम तिथेच संपलं. मग फक्त भेगा शिवून गिलावा करायचा.

दरम्यान एक स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमा. महापालिकेचा परवाना असलेला आणि तुमच्या ठेकेदाराशी देणंघेणं नसलेला. पाया काढायचा सल्ला आणि पाया काढायचं कंत्राट एकाच माणसाकडून घेऊ नये. तसंही तुमचं घर ३० वर्षांहून जुनं आहे, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे अशा इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं मालकाची जबाबदारी आहे.

पाऊस येण्याआधी इंजिनिअरला दोन चाचणी खड्डे घ्यायला सांगा. एक दुखऱ्या कोपऱ्यात, दुसरा घराच्या धडधाकट बाजूला. भिंतीलगत माणूस उभा राहील एवढे, पायाच्या तळापर्यंत, त्याखाली मात्र नाही. पाया किती खोल आहे, किती रुंद आहे, दगड एकमेकांत गुंफलेले आहेत की नुसते ओतले आहेत, चुना बोटाने भुगा होतो का आणि तळाशी काय आहे, हे तिथे उभं राहून डोळ्यांनी दिसतं. दोन्ही खड्ड्यांच्या तळाची माती वेगळी निघाली की निम्मं उत्तर हाती आलं. काम झालं की त्याच दिवशी मुरूम टाकून, धुम्मस मारून खड्डे बुजवा.

दुखऱ्या कोपऱ्यातली माती सीओईपीसारख्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. तिथे एक साधी चाचणी होते. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती पाण्याच्या नळकांड्यात आणि तेवढीच रॉकेलच्या नळकांड्यात २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती त्रासदायक समजतात, १०० च्या वर गेलं तर गंभीर. या एका आकड्यावरून पुढचा खर्च ठरतो, म्हणून ही चाचणी टाळू नका.

आता समजा हे सगळं करूनही कोपरा हलत राहिला, किंवा खड्ड्यात दिसलं की पाया भरावावर टेकलेला आहे आणि पक्का मुरूम तीन-चार फूट खाली आहे. मग पायाचं काम करावं लागेल. पण तेव्हाही पाया "काढून टाकायचा" नसतो. त्याच्याखाली तुकड्यातुकड्याने काँक्रीट घालून भार मुरमापर्यंत पोचवायचा असतो. याला अंडरपिनिंग म्हणतात. घर त्या काळात जुन्या पायावरच उभं असतं.

हे काम कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण साइटवर तुम्हालाच लक्ष ठेवायचंय. भिंतीची लांबी साडेतीन-चार फुटांच्या भागांत वाटतात आणि त्यांना क्रमांक देतात. आधी १, मग ३, मग ५, नंतर २ आणि ४. शेजारशेजारचे दोन भाग एकाच वेळी कधीही उघडे ठेवत नाहीत. एका भागाखाली मुरमापर्यंत खणायचं, तळ साफ करायचा, काँक्रीट भरायचं आणि जुन्या पायाच्या खाली दोन-तीन इंच जागा रिकामी ठेवायची. काँक्रीट घट्ट झालं की त्या फटीत जेमतेम ओला, एकास तीनचा सिमेंट-वाळूचा मसाला लाकडी दांड्याने ठासून ठासून भरायचा. घराचा भार नव्या काँक्रीटवर पोचतो तो या ठासलेल्या मसाल्यातून. इथे घाई झाली, फट नुसती वरवर बुजवली, तर सगळं काँक्रीट निरुपयोगी ठरतं आणि कोपरा पुन्हा बसतो. मसाला घट्ट होईपर्यंत पुढच्या भागाला हात लावायचा नाही.

तुमच्या घरात आणखी एक अडचण येऊ शकते. ओबडधोबड दगडांचा पाया खालून मोकळा केला की तळातले दगड निखळून पडतात. विटांच्या किंवा काँक्रीटच्या पायात एवढी भीती नसते. म्हणून बऱ्याचदा आधी भिंतीच्या आत आणि बाहेर, जोत्यालगत, सळईच्या काँक्रीटचे दोन पट्टे घालतात आणि भिंतीतून आरपार जाणाऱ्या आडव्या बीमनी ते ठरावीक अंतरावर एकमेकांना बांधतात. भिंत या दोन पट्ट्यांच्या चिमट्यात धरली जाते. मगच खाली खणतात. हे काम ज्याने आधी केलंय असाच मुकादम हवा.

काँक्रीटबद्दल चार गोष्टी करारात लिहून घ्या. जमिनीत गाडल्या जाणाऱ्या सळईच्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-२५ ताकदीची प्रत लागते. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरमध्ये पाइप धरून पाणी सोडणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा. फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या पसरट तळाच्या, सळईला ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, हवं. त्यासाठी सळई दगडाच्या कपच्यांवर नको, कव्हर ब्लॉकवर टेकवायची. आणि नेहमीचं पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारायचं.

आता तुमच्या ठेकेदाराचे २१ दिवस. तुकड्यातुकड्याने, प्रत्येक टप्प्याला घट्ट व्हायला वेळ देत, घराच्या चारही भिंतींखालून हे काम २१ दिवसांत होत नाही. तेवढ्या वेळात ते संपवायचं तर आख्खी बाजू एकदम उघडी करावी लागेल. आणि तुम्ही आत झोपलेल्या असाल. खड्ड्यात काम करणाऱ्या माणसांचाही विचार करा. दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना फळ्या-टेकूंचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर भिंतीच्या दाबाने माती ढासळते. दरवर्षी असे मजूर गाडले गेल्याच्या बातम्या येतात. या कामात ज्या खोलीखाली खणलं जातंय ती खोली रिकामी असलीच पाहिजे.

मुलाचं म्हणणं प्रेमापोटी आहे, आणि त्याच्या घरी ते योग्यही असेल. सॅन होजेकडची जुनी घरं लाकडी सांगाड्याची असतात, वजनाला हलकी. बीमखाली जॅक लावून ती उचलता येतात, लाकूड थोडं वाकतं आणि सावरतं. तिथे काँक्रीटच्या पायाला लाकडी पाट बोल्टने आवळतात, कारण भूकंपात घर पायावरून घसरू शकतं. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात अशी बरीच घरं सरकली. आपली विटांची भिंत ताण सोसत नाही. ती उचलताना कुठेतरी थोडा जरी फरक पडला तर फुटते. आपल्याकडेही जॅकवर घरं उचलली जातात, पण त्याआधी सगळ्या भिंतींखाली आडवा आधार द्यावा लागतो. तुमच्या एका कोपऱ्यासाठी ते करायची गरज मला दिसत नाही.

वरच्या मजल्याला माझा स्पष्ट नकार आहे. पाया नवा झाला तरी भिंती त्याच राहतात. त्या काळातल्या विटांच्या घरांत भूकंपासाठी लागणारे आडवे पट्टे सहसा नसतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यात जाणवला होता, तो यजमानांना आठवत असेल. मजला हवाच असेल तर जुन्या भिंतींवर भार न टाकता स्वतंत्र कॉलम-फुटिंगचा सांगाडा उभारावा लागेल. त्याला महापालिकेची बांधकाम परवानगी लागेल, नकाशे लागतील, आणि नवी फुटिंग जुन्या पायाला धक्का न लावता घालावी लागतील. हे दुरुस्तीबरोबर उरकायचं काम नव्हे.

तुमच्या शेजारी पुनर्विकासाचं खोल खोदकाम चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर तेही इंजिनिअरला सांगा आणि आत्ताच्या भेगांचे तारखेसह फोटो जपून ठेवा. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात मान्य आहे. पुढे बोलणी करायची वेळ आली तर हे फोटोच उपयोगी पडतील.

ताई, काही गोष्टी दिसल्या तर मात्र दिवाळीची वाट बघू नका. भेग आठवड्याआठवड्याला रुंदावत गेली, भिंतीला पोट आलं, स्लॅब जिथे भिंतीवर टेकतो तिथे फट दिसली किंवा दार एका रात्रीत बंद होईनासं झालं, तर ती खोली लगेच रिकामी करा, शेजारच्या खोलीतही झोपू नका आणि इंजिनिअरला बोलावून स्लॅबखाली लोखंडी टेकू लावून घ्या.

खर्चाचा आकडा मुरूम किती खोल आहे आणि किती फूट भिंतीखाली काम लागेल यावर ठरतो. चाचणी खड्ड्याआधी जो एकरकमी आकडा सांगेल, तो अंदाजानेच सांगतोय. खड्ड्यांनंतर इंजिनिअरकडून मोजमापाचं पत्रक घ्या, त्यावर दोन-तीन ठेकेदारांचे दर मागवा आणि बिल प्रत्यक्ष मोजून द्या. टाकीच्या पातळीची परीक्षा तर आज रात्रीच करता येईल. तिचा निकाल आणि खड्ड्यांचे फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी बघून कळवतो.